जपान्याची गोळी

सन १९५१ चा वैशाख होता. तिरोड्याजवळच्या एका गावात परसराम कापगते याने ठरवले, पेन्शनसाठी अपील करायचे.

ब्रह्मदेशाच्या लढाईत तोफेचा गोळा जवळ फुटला, तेव्हापासून त्याचे डोके दुखे. दुखले की नांगर तसाच सोडून तो बांधावर आडवा होई. पण फौजी डॉक्टरांनी पेन्शन नाकारली. त्याच्या दोन्ही कानशिलांवर डाग होते. डोकेदुखीला आमच्याकडे तापल्या इळ्याने, म्हणजे विळ्याने, डागतात. डॉक्टर म्हणाले, दुखणे भरतीच्या आधीचेच.

खरे तर लढाईहून आल्यावर बायकोने डागले होते. तेवढे सांगितले की काम झाले असते. पण परसरामने गावात सांगून ठेवले होते की जपान्याची गोळी एका कानशिलातून शिरली आणि दुसऱ्यातून निघाली. (मध्ये काही अडले नाही, हे गावाला पटले.)

अपिलाला गावचा साक्षीदार हवा होता, म्हणून शेजारी केवळराम निघाला. मागून बायको धुरपताबाईही निघाली.

"तू कायले येऊन राहिली?"

"तुमच्या डोक्स्याले तेल कोन लावंल?"

नागपूरला अपिलाच्या डॉक्टरांनी विचारले, "हे डाग कधीचे?"

परसरामने केवळरामकडे पाहिले. तो म्हणाला, "लढाईतले. गोळी लागली."

डॉक्टरांनी पेनला टोपण लावले. "ही गोळी नाही. खरं सांगायचं नसेल तर अपील इथेच संपलं."

धुरपताबाई पुढे झाली. "कायची गोळी, साहेब? मीनं डागलं यायले. फौजेतून आले, त्याच दिवाळीले. माह्या माहेरच्या चार बाया धरून होत्या."

"याला साक्ष कोण?"

केवळरामने परसरामची कानशिले वाकून बघितली. मग म्हणाला, "ओरडनं मीनं आयकलं साहेब. आमाले वाटलं, डुक्कर कापून राहिले."

डॉक्टरांनी टोपण काढले. दुखणे फौजेतलेच, असे लिहिले. परसरामला विहिरीतून वर काढल्यासारखे वाटले.

परतीच्या गाडीत तुमसर आल्यावर केवळरामने विचारले,

"परसराम, तलावाचे मासे वाटतो तवा गोळी खाल्लेला मानूस म्हनून गाव तुले एक मरळ जास्त देते ना?"

"देते."

"गोळी तं नाई खाल्ली. मरळ खाल्ली."

"अन् काटे मलेच काढा लागे," धुरपताबाई म्हणाली.

पहिली पेन्शन आली. परसरामने बोदलकसाच्या तलावावरून टोपलीभर मरळ आणली आणि घरोघर फिरला. लोक आधी त्याचे कानशील बघत, मग मासा घेत. देणे फिटले.