खारीची थेरपी आणि महाराजांचा कान

एका जंगलात टिपरी नावाची खार राहत होती. हो बाळांनो, खारच. ज्यांना सिंहाची गोष्ट हवी आहे त्यांनी जरा दम धरावा. सिंह येतोच आहे, पण आजारी आहे.

टिपरीला ऑक्युपेशनल थेरपिस्ट व्हायचं होतं.

"म्हणजे मालिश?" बाबांनी विचारलं.

"नाही हो बाबा! आजारपणात ज्याचा हात चालेनासा झाला, त्याला पुन्हा आपलं आपण जेवता यावं, अंघोळ करता यावी, ते शिकवायचं."

"म्हणजे मालिशच. त्यापेक्षा शेंगा साठव. आपल्या घराण्यात सगळे तेच करतात."

टिपरी हट्टाने साडेचार वर्षं शिकली. ढोलीबाहेर पाटी लावली. पहिल्या महिन्यात तिघे आले. तिघेही मालिशवाल्या अस्वलाचा पत्ता विचारायला.

बाबा म्हणाले, "होळीपर्यंत एक तरी रोगी बरा कर. नाहीतर शेंगा!"

आणि काय योग बघा! सिंहमहाराजांच्या उजव्या पंजावरून वारं गेलं. घुबडवैद्यांनी कडू पाला चारला, पण पंजा हलेना.

दरबार मात्र खूश. तीन नव्या नेमणुका झाल्या ना! कोल्हा महाराजांना घास भरवू लागला. साळिंदर आयाळ विंचरू लागलं. माकड शाही कान खाजवू लागलं, तेही नेमका नको तो कान.

टिपरी दरबारात पोचली. तिने विचारलं, "महाराज, तुम्हाला स्वतःला काय करावंसं वाटतं?"

हे सिंहाला जन्मात कुणी विचारलं नव्हतं. त्याचे डोळे भरून आले.

"मला ना," तो हळूच म्हणाला, "माझा कान माझा मला खाजवायचाय."

टिपरीने त्याला माती मळायला लावली. चिंचोके वेचून करवंटीत टाकायला लावले. बाबांच्या शेंगा पळवून आणल्या आणि त्या सोलायला बसवलं. दरबारी पोट धरधरून हसले. "राजाला बालवाडीत घातलं!" सिंह चिडून चिंचोके उधळायचा. टिपरी ते गोळा करून पुन्हा पुढ्यात ठेवायची.

"महाराज, परत."

होळीच्या आदल्या दिवशी पंजा वर उठला. डळमळला. कानापाशी पोचला. खर्र खर्र खर्र!

"अहाहाहा!" महाराज असे ओरडले की झाडावरची बोरं पडली. टिपरीने आनंदाने बोरीभोवती सात गिरक्या घेतल्या.

दुसऱ्या दिवशी कोल्हा, साळिंदर आणि माकड बायकापोरांसह उपोषणाला बसले. "या खारीने आमच्या पोटावर पाय दिला!"

महाराजांना कान खाजवताना कटकट नको होती. घुबडवैद्यांनी लगेच पळसाच्या पानावर हुकूम लिहिला. महाराज पाल्याने बरे झाले आहेत, सबब खारीला दरबारातून काढण्यात येत आहे.

शिक्क्यासाठी माकड महाराजांचा पंजा धरायला धावलं.

"हात लावू नकोस!" महाराज गरजले. "माझं मी करतो!"

त्यांनी पंजा शाईत बुडवला आणि पानावर टेकवला.

टिपरीची समजूत घालायला बाबा शेंग घेऊन दारात उभेच होते. ती हुकूम फडकावत आली, ती नाचतच.

"बाबा, चारही बोटं उठलीत! नखं आत! शाईचा एक थेंब इकडेतिकडे नाही!"

बाबांनी शिक्का तीनदा पाहिला. मग हुकूम स्वतःच पाटीशेजारी टांगला. असा दाखला जंगलात दुसऱ्या कुणाकडे नव्हता.

सकाळी ढोलीखाली रांग लागली. सगळ्यात पुढे मालिशवालं अस्वल होतं. मालिश करकरून त्याचे हात आखडले होते. बाबा शेंगांची टोपली घेऊन शेजारी बसले.

"सरावाला लागतात," ते सगळ्यांना सांगत होते. "आमच्या टिपरीची थेरपी आहे, मालिश नव्हे!"

तात्पर्य : रोग्याला असं बरं करावं, की त्याने आपल्याला स्वतःच्या हाताने हाकलून द्यावं.