आधी पुसा, मग भरा

दाभोळहून आलेल्या फॅक्सवर माझ्या मुलाच्या, महेशच्या बोटीचा खांब सगळ्यात उंच होता, आणि हमीदभाई भरल्या ऑफिसात म्हणाले, "वहिनी, ही बोट आलेली नाय."

आदल्या दिवशी वारा फिरला होता. मिरकरवाड्याच्या ज्या बोटी समुद्रात होत्या, त्या दाभोळच्या खाडीत शिरल्या असतील एवढ्या आशेवर आम्ही मच्छीमार सोसायटीच्या पायऱ्यांवर बसलो होतो. सकाळी दाभोळच्या सोसायटीने कागद पाठवला. त्यावर चार्ट होता: खाली आमच्या बोटींची नावं आणि प्रत्येक नावावर उतरवलेल्या मासळीचा खांब. जिचा खांब दिसतो ती बोट आली, एवढं चौथी शिकलेल्या मलाही कळत होतं. बायका रडायच्या थांबल्या होत्या. कोणीतरी चहा सांगितला होता. आणि हा माणूस नाही म्हणत होता.

"हमीदभाई, आजच्या दिवशी तरी तुमचं चार्टपुराण बंद ठेवा," चेअरमन ओरडले.

चार्टपुराण हा शब्द वाड्यात सगळ्यांना माहीत होता. हमीदभाई माझे शेजारी. वीस-बावीस वर्षं कुवेतला एका कंपनीत होते. कुठला माल खपला, कुठला पडून राहिला, हे साहेबाला चित्रात काढून दाखवायचं, हे त्यांचं काम. गल्फहून लोक सोनं आणतात, टेप आणतात. यांनी कॉम्प्युटर आणला आणि सोसायटीत नेऊन ठेवला. मग ज्याला त्याला चार्टचे साचे वाटत सुटले. ते टेम्प्लेट म्हणायचे, मी साचा म्हणते. मोदकाचा असतो तसाच. एकदा करून ठेवायचा, सारण ज्याचं त्याने भरायचं. "साचा माझा, मासळी तुमची," असं ते प्रत्येकाला सांगायचे.

बर्फाच्या कारखान्याला साचा दिला, शाळेला हजेरीसाठी दिला, दाभोळच्या सोसायटीला आमच्या सगळ्या बोटींची नावं घालून दिला, भाट्याच्या एका नारळवाल्याला दिला. त्याने मागितला नव्हता. ईदला माझ्याकडे शीरखुर्म्याचा डबा आला, त्याच्या झाकणावर रबराने फ्लॉपी बांधलेली. मी म्हटलं, "हिचं काय करू? माझ्याकडे फक्त पाटा-वरवंटा आहे."

"महेशच्या बोटीसाठी आहे. डिझेल किती, बर्फ किती, सगळं निघेल."

ती फ्लॉपी महेशने खारवलेल्या बांगड्यांच्या पिशवीत ठेवली. हमीदभाईंनी ती धुतली, वाळवली, आणि आठवडाभर आमच्याशी बोलले नाहीत.

नवा साचा केला की ते कुंपणापाशी येऊन कागद धरायचे. "वहिनी, वाचू नका. नुसतं बघा. काय कळलं?"

"बांगडा चढला, सुरमई पडली."

"पास!" मला कळलं नाही तर तो साचा ते टाकून द्यायचे. मला त्यात मोठेपणा वाटला नाही. भाजी करपायची, एवढंच.

साच्यात नमुन्याचे आकडे असायचे, कारण रिकाम्या साच्यात खांब उठत नाहीत आणि लोकांना वाटतं, बिघडलं. ते आकडे हमीदभाई मुद्दाम चढते घालायचे, म्हणजे खांब जिन्यासारखे उभे राहायचे. आपले आकडे भरण्याआधी नमुना पुसायचा असा नियम. "आधी पुसा, मग भरा." ऑफिसात जिना दिसला की समजायचं, कोणीतरी आळस केला. बर्फवाल्या कारकुनाला त्यांनी यावरून चार लोकांत झापलं होतं. तो म्हणाला होता, "भाई मेले तर कबरीवरपण खांब लावतील."

तर त्या सकाळी त्यांनी फॅक्सवर बोट ठेवलं. "शेवटचे तीन खांब बघा. जिना आहे. हा माझा नमुना आहे, मासळी नाय."

"योगायोग असेल," चेअरमन म्हणाले.

"मग या दोन बोटी दाभोळला कशा गेल्या?" त्यांनी खिडकीतून धक्क्याकडे हात केला. त्या दोन्ही बोटी दुरुस्तीसाठी तिथे ओढून ठेवलेल्या होत्या. आम्ही सकाळपासून त्यांच्याकडेच तोंड करून बसलो होतो. आनंदात कोणाच्या ध्यानात आलं नाही. तिसरं नाव महेशच्या बोटीचं.

त्यांनी दाभोळला फोन लावला. तिथला कारकून मोठ्याने बोलत होता, मला ऐकू येत होतं. "भाई, तुमच्याच फ्लॉपीत भरलं. ज्या आल्या त्यांचे आकडे घातले."

"बाकीचे पुसलेस?"

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला. मग, "पुसायचे होते?"

फोन ठेवून हमीदभाई चेअरमनना म्हणाले, "ट्रॉलर काढा."

दोन ट्रॉलर निघाले. संध्याकाळच्या आत जयगडच्या बाहेर बोट सापडली. इंजिन बंद, अर्धी पाण्यात.

धक्क्यावर जो तो आपल्या माणसाला धरून होता. हमीदभाई बोटीवरून आलेल्या प्रत्येकापाशी जाऊन एकच विचारत होते, "तांडेल कधी गेला?" बोट चालवणारा तांडेल इब्राहिम लाटेबरोबर वाहून गेला होता. महेशने सांगितलं, पहाटेच्या आधी. त्यांनी बाकीच्या दोघांनाही विचारलं. तिघांनी तेच सांगितलं, तेव्हा ते खाली बसले. फॅक्स उजाडल्यावर आला होता; तांडेल त्या खोट्या खांबाच्या आधीच गेला होता.

मी त्यांना जेवायला बोलावलं. ते ताटावर बसून राहिले. मी म्हटलं, "जेवा. साचा तुमचा होता, चूक त्या कारकुनाची."

तेव्हा ते बोलले. कुवेतहून दर शुक्रवारी ते इथल्या दुकानात फोन करायचे. त्यांच्या घरी फोन नव्हता. दुकानदार सांगायचा, "सगळं खुशाल, भाई." दर वेळी तेच. त्यांची बायको अंथरुणाला खिळली होती तेव्हाही तेच.

"तो खोटा नव्हता, वहिनी. एकदा घरी विचारून आला होता. नंतर तेच सांगत राहिला."

मग ते जेवले. मी आणखी भात वाढला, तोही खाल्ला.

दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीने ते दाभोळला गेले. मला वाटलं, भांडायला. त्या कारकुनाशेजारी दिवसभर बसून त्याच्या फ्लॉपीतला नमुना त्यांनी स्वतः पुसला. आता ते साचा देतात तो कोरा देतात. खांब उठत नाहीत म्हणून लोक तक्रार करतात. करू देत.

त्या बोटीवर चौघे गेले होते. तांडेल इब्राहिम आला नाही. गुहागरचे दोघे खलाशी आले, आणि माझा महेश आला.