मोकाशीकाकांची एक साक्ष

मोकाशीकाका बाहेर जाताना घराला कुलूप लावतात आणि मग जिन्यातच उभे राहतात. कोणी वर-खाली जाणारं दिसलं की म्हणतात, "जरा ओढून बघता?" आपण कुलूप ओढायचं, "लागलंय काका" म्हणायचं. पण एवढ्यावर सुटका नाही. दुसरं माणूस येईपर्यंत थांबायचं, त्यानंही ओढायचं, मग काका खाली उतरणार. एकदा भर दुपारी जिन्यात माझ्याशिवाय चिटपाखरू नव्हतं, तर काका बाहेर जायचेच राहिले. मी म्हटलं, अहो, मी ओढलं ना, पक्कं लागलंय. तर म्हणे, "वर्षाताई, तुमच्यावर अविश्वास नाही हो. पण एक साक्षीदार म्हणजे ऐकीव गोष्ट."

आता यात त्यांचा तरी काय दोष? उभा जन्म जमिनीच्या नोंदणी कार्यालयात गेला. विकणारा समोर, घेणारा समोर, आणि दोघांना ओळखणारे दोन साक्षीदार. त्याशिवाय काका कागदाला हात लावत नसत. पनवेलच्या आजूबाजूची भाताची खाचरं गेली, तिथे टॉवर आले, ते सगळं काकांच्या टेबलावरूनच गेलं. काका निवृत्त झाले, पण साक्षीदार काही त्यांच्यातून निवृत्त झाले नाहीत.

सोसायटीच्या ग्रुपवर कोणी "पाणी आलं" असं टाकलं की काकांचा लगेच प्रश्न, "दुसऱ्या कोणाकडे आलं?" दारावर मासे घेऊन येणाऱ्या कोळणीलाही त्यांनी सोडलं नाही. बोंबील आज सकाळचेच कशावरून, पकडताना कोण होतं, असं विचारत बसले. ती बाई कसली खमकी. म्हणाली, "दादा, मी होते नि दर्या होता. दोगं झाले. आनखी कोन पायजे तुमाला?" काकांनी बोंबील घेतले आणि वर मला येऊन सांगितलं की बाई कायद्यानं बोलली.

अशा माणसाच्या नशिबी बायको कोण, तर मालतीकाकू. काकूंचा सगळा जीव डोळ्यांत. आमची इमारत पनवेलच्या तलावापासून दोन गल्ल्या आत, चौथा मजला. त्यांची बाल्कनी मागच्या बाजूला, तिथून स्वच्छ हवेत लांबवर कर्नाळ्याचा सुळका दिसतो. काकू कपडे वाळत घालायला म्हणून तिथे जायच्या आणि बादली तशीच राहायची. ढगात काहीबाही दिसायचं. पोपटांचा थवा दिसायचा. एकदा म्हणे खालच्या शेवग्यावर धनेश पक्षी येऊन बसला, कर्नाळ्याच्या अभयारण्यातून वाट चुकून आला असणार. आणि काहीही दिसलं की त्यांची हाक ठरलेली, "अहो, बाहेर या ना."

काका काही जायचे नाहीत. काकू आत आल्या की मग विचारायचे, दुसऱ्या कोणी पाहिला का तो धनेश? त्यावर काकू म्हणायच्या, "मी हाक मारली ती कोणाला? यायचं नाही आणि वर साक्षीदार मागायचा." त्यांच्या आणि माझ्या स्वयंपाकघरात एकच भिंत, तीही बिल्डरनं हात आखडून बांधल्यासारखी पातळ. त्यामुळे पोळ्या लाटता लाटता माझी रोज फुकटची करमणूक व्हायची. मला वाटायचं, यांचं हे असंच चालत राहणार.

मागच्या थंडीच्या सुरुवातीची गोष्ट. दिवेलागणीची वेळ, आकाशात अजून थोडा उजेड होता. काकू कपडे काढायला बाल्कनीत गेल्या होत्या आणि काका आत परात घेऊन वाल सोलत बसले होते. दुसऱ्या दिवशी बिरडं होतं. वाल सोलणं हे काकांचं खास काम, ते दुसऱ्या कोणाला करू देत नसत. एक एक दाणा दोन बोटांत धरून अशा गांभीर्यानं सोलत की वाटावं, दस्तावर कोणाचा अंगठाच घेतायत.

तेवढ्यात काकूंची हाक आली, "अहो, बाहेर या." मग, "अहो, कर्नाळ्यावर काहीतरी आहे, लवकर या." मग आवाज चढला. मग जरा उतरला. "चाललं ते. या ना हो." सगळ्या हाकांना मिळून काकांचं एकच उत्तर मला भिंतीतून ऐकू आलं, "हात ओले आहेत." माझी स्वतःची बाल्कनी रस्त्याच्या बाजूला, तिथून समोरच्या दवाखान्याची पाटी तेवढी दिसते. तेव्हा मी काही पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकूंनी मला सगळं सांगितलं. सुळक्याच्या थोडं वर एक तांबूस उजेड होता. पुरणपोळीएवढा, गोल. आवाज नाही, लुकलुकणं नाही. बराच वेळ एका जागी उभा राहिला, मग हळूहळू आपटा गावाच्या बाजूला सरकला आणि एकदम वर जाऊन दिसेनासा झाला. मी विचारलं, भीती नाही वाटली? तर म्हणाल्या, "नाही गं. छान वाटलं. वाटलं, यांनीही बघायला हवं होतं."

इमारतीत मग काय, सगळ्यांना विषय मिळाला. कोणी म्हणालं नव्या विमानतळाचे दिवे, कोणी म्हणालं लग्नातलं ड्रोन. तिसऱ्या मजल्यावरच्यांनी तर परग्रहावरच्या पाहुण्यांसाठी पार्किंगची सोय करा म्हणून ग्रुपवर टाकलं. काकू सगळ्यांबरोबर हसल्या. पण काकांनी जेव्हा चारचौघांत सांगितलं की हिचं काही मनावर घेऊ नका, एकच साक्षीदार आहे, तेव्हा त्या हसल्या नाहीत. त्यानंतर त्यांनी तो विषय कधी काढला नाही. आणि त्यानंतर भिंतीतून "अहो, बाहेर या ना" हेही कधी ऐकू आलं नाही. मला ते तेव्हा फार जाणवलं होतं. काकांना जाणवलं होतं की नाही, कोण जाणे.

होळीच्या आधी काकू गेल्या. सकाळी चहा केला, गॅस बंद केला आणि तिथेच खाली बसल्या. दवाखाना समोरच, पण त्याचा काही उपयोग झाला नाही.

तेरावा झाला आणि काकांनी पत्रं लिहायला घेतली. विषय : कर्नाळा परिसरात सायंकाळी दिसलेल्या अज्ञात उडत्या वस्तूबाबत साक्ष नोंदवून घेणेबाबत. प्रत माहितीसाठी सविनय सादर. एक हवाईदलाला, एक संरक्षण खात्याला, एक विमानतळाला, एक जिल्ह्याच्या ठिकाणी. उत्तर आलं नाही की त्याच पत्राला स्मरणपत्र, मग स्मरणपत्राला स्मरणपत्र. पोस्टातली माणसंही म्हणायला लागली की काका, आता यानातूनच पाठवा. इमारतीत तर सरळ बोलायचे, बायको गेल्यापासून म्हातारा सटकला. मला राग यायचा. म्हातारा सटकलेला आधीपासूनच होता, हे त्यातलं नव्हतं.

आणि अहो, एक दिवस खरंच आले की. सकाळी अकराच्या सुमाराला लष्करी रंगाची जीप गेटमधून आत आली आणि इमारतीच्या सगळ्या खिडक्यांतून डोकी बाहेर आली. हवाईदलाचे दोघे होते. एक साहेब, चाळिशीचे, शांत बोलणारे उत्तरेकडचे गृहस्थ, आणि त्यांच्याबरोबर लिहून घेणारा एक जवान. जवळच विमानतळ झाल्यापासून आकाशात काही दिसल्याची तक्रार आली की चौकशी करावी लागते, असं त्यांनी सांगितलं.

काकांनी मला बोलावून घेतलं होतं. इस्त्रीचा शर्ट, दाढी गुळगुळीत, टेबलावर पाण्याचे ग्लास झाकून ठेवलेले. साहेब बसायच्या आत काकांनी त्यांचं ओळखपत्र मागितलं. ते पाहिलं, मग माझ्या हातात दिलं आणि म्हणाले, तुम्हीही बघा. मी मेल्याहून मेल्यासारखी झाले. साहेब मात्र हसले, म्हणाले बरोबर आहे, असंच पाहिजे. मला तिथेच तो माणूस आवडला.

मग त्यांनी विचारलं, "अंकल, आपने खुद देखा था?"

 ज्या माणसानं आयुष्यभर लोकांना सांगितलं की पाहिलं नसेल तर सही करू नका, तो समोरच्या भिंतीकडे बघत बसला होता. भिंतीवर काकूंचा फोटो होता. मग म्हणाले, "हां. देखा ना. हम दोनों बाजू-बाजू में खड़े थे."

मी मान खाली घातली.

साहेब माझ्याकडे वळले. मी सांगितलं की मी काही पाहिलं नाही, भिंतीपलीकडे होते, पण मालतीकाकूंचा आवाज ऐकला. ते म्हणाले, और इनका? मी म्हटलं, हो, यांचाही ऐकला. यात खोटं काय होतं? ऐकलाच होता.

मग रंगाचं विचारलं. काका थोडं अडखळले आणि म्हणाले, पांढरा. काकूंना त्यांनी रंग कधी विचारलाच नसणार. जवानाचं लिहिणं थांबलं. साहेबांनी हातातले कागद चाळले आणि अगदी सौम्यपणे म्हणाले की आपट्याला नदीकाठी कपडे धुणाऱ्या बायकांनी तांबूस सांगितलाय, ओवे गावाकडच्या लोकांनीही तांबूसच सांगितलाय. तिकडच्या वीटभट्टीवरच्या माणसांनी तर हातातलं काम टाकून बघितलं म्हणे.

काका खुर्चीत पुढे सरकले. "और लोगों ने देखा?"

"बहुत लोगों ने, अंकल. कुछ तो था. क्या था, वो अभी जाँच में है."

ते नेमकं काय होतं, हे मला फार विचारावंसं वाटलं. हवामानखात्याचा फुगा, परदेशी ड्रोन की आणखी काही. काकांनी मात्र विचारलं नाही. त्यांना त्याच्याशी काही देणंघेणं नव्हतं. ते नुसते पुन्हा पुन्हा विचारत होते की आपट्याला कोणी पाहिलं, ओव्याला कोणी पाहिलं, वीटभट्टीवर किती माणसं असतील. ज्या बाईला त्यांनी चारचौघांत एकटी पाडली होती, तिच्या बाजूनं गावंच्या गावं उभी होती. नव्हते ते फक्त काका.

मग ते उठून उभे राहिले. साहेबांना म्हणाले, "मेरा नाम काट दीजिए. मैंने नहीं देखा. मैं झूठ बोला. उसका नाम लिखिए." आवाज अगदी ऑफिसातला.

खोटी साक्ष दिली म्हणून साहेब रागावतील असं मला वाटलं. ते रागावले नाहीत. त्यांनी जवानाला खूण केली, त्यानं एक ओळ खोडली. काकांनी नाव एकेक अक्षर करून सांगितलं, सौ. मालती विनायक मोकाशी. मला राहवलं नाही, मी हळूच म्हटलं, काका, कैलासवासी लिहायला हवं ना?

"त्या संध्याकाळी होती ना ती," काका म्हणाले.

जवानानं सौ. लिहिलं. साहेब पाणी प्यायले, निघताना दारात फोटोकडे बघून किंचित थांबले आणि गेले. जीप गेटबाहेर पडली तशी तिसऱ्या मजल्यावरच्यांनी येऊन बेल वाजवली, काय झालं म्हणून. काकांनी दार उघडलं नाही.

मी ग्लास उचलायला लागले. काका बाल्कनीच्या दारात उभे होते. मध्ये एक नवी इमारत उभी राहतेय, तिनं निम्मा डोंगर खाल्लाय, सुळका अजून दिसतो. मला वाटलं, माणूस जरा हलका झाला असेल. झालं एकदाचं मनासारखं, बायकोचं म्हणणं सरकारदरबारी नोंदलं गेलं.

तेवढ्यात त्यांनी पाठमोरंच विचारलं, "वर्षाताई, तुम्ही भिंतीपलीकडे होतात. तिनं मला कितीदा बोलावलं हो?"

काय सांगणार? मी म्हटलं, "एकदाच काका. आणि तेही हळू. तुम्हाला ऐकूच आलं नसेल."

काका वळले आणि माझ्या हातातले ग्लास स्वतःकडे घेतले.

"सगळ्या हाका ऐकू आल्या मला," ते म्हणाले. "हात ओले आहेत म्हणालो. पंचा मांडीवरच होता."