आठ खिडक्या आणि सासूबाईंचा रग

घर घ्यावं तर मी घेतलं तसं! टेकडीच्या टोकावरचा जुना दगडी टेहळणी बुरूज! पूर्वी इथे बसून माणसं समुद्रावर नजर ठेवायची. पुढे कुणीतरी त्यात स्वयंपाकघर, न्हाणीघर बसवून टुमदार घर केलं. आणि सगळ्यात वर आठ खिडक्यांची गोल खोली! बत्तीस वर्षं मी कचेरीच्या दप्तरखान्यात काढली, जिथे एकसुद्धा खिडकी नव्हती. त्यामुळे ती खोली माझी, हे घर बघताक्षणीच ठरलं होतं. दुर्बीणही आणून ठेवली होती!

सामान लावून होतंय तोच सासूबाई आल्या. चार दिवसांसाठी. दुखऱ्या गुडघ्यांनी एक्केचाळीस पायऱ्या चढल्या आणि थेट माझ्या दुर्बिणीशेजारी बसल्या.

"जावईबापू, चढले ते चढले. आता जायच्या दिवशीच उतरेन!"

मी खाली बसून दिवस मोजू लागलो.

तिसऱ्या दिवशी सकाळी वरून हाक आली. "गुडघे ठणकतायत! हवा बिघडणार! माझा धुतलेला रग आधी वाळत घाला!"

"लख्ख ऊन पडलंय, सासूबाई!"

"अहो, घाला ना," बायको म्हणाली. "नाहीतरी काय करताय?"

गच्चीवर एक उंच लोखंडी खांब होता. म्हटलं, इथे वारा भरपूर! दोरी बांधली, रग वर चढवला. लालभडक रग असा काही फडफडला म्हणून सांगू! स्वतःवर खूश होऊन मी दुपारी चहा घ्यायला बसलो.

पहिला घोट घेतोय तोच दारावर धडाधड थापा! बघतो तर बंदरावरचा तांडेल, म्हणजे होडीवाल्यांचा म्होरक्या, आणि मागे पंचवीसेक मच्छीमार, सगळे घामाघूम.

"वादळ कुठंय?"

"कसलं वादळ?"

"बुरुजावर लाल चढलं की वादळ! आजोबांच्या काळापासून ठरलंय! भरल्या समुद्रातून सगळ्या होड्या माघारी आणल्या आम्ही!"

मी कप खाली ठेवला. "तो... सासूबाईंचा रग आहे."

तांडेलाच्या कपाळाची शीर ताडताड उडू लागली. आता हे लोक मलाच त्या खांबावर चढवणार, अशी माझी खात्री झाली. तेवढ्यात एक खिडकी धाडकन आपटली. सगळ्यांनी वळून पाहिलं. समुद्र काळाठिक्कर! पुढच्या दहा मिनिटांत लाटा धक्क्यावरून उड्या मारू लागल्या.

तांडेलाने माझे दोन्ही हात धरले. "साहेब, जीव वाचवलेत!"

खरं सांगायची हीच वेळ होती. पण मी म्हणालो, "त्याला नजर असावी लागते!"

वादळ ओसरल्यावर तांडेलाने विचारलं, "मग उद्या जायचं का?"

मी डोळे बारीक करून आभाळ न्याहाळलं. "खुशाल जा! वादळ सरलं!"

"कुणी जाऊ नका!" वरून आवाज आला. "डावा थांबलाय, उजवा अजून ठणकतोय!"

तांडेलाने माझ्याकडे पाहिलं, जिन्याकडे पाहिलं, चपला काढल्या आणि वर गेला. मागोमाग सगळे.

दुसऱ्या दिवशी पुन्हा वादळ झालं!

त्या चार दिवसांना आता सहा महिने झालेत. सासूबाईंच्या गुडघ्याला विचारल्याशिवाय एक होडी सुटत नाही. मी मोठ्या प्रेमाने गुडघेदुखीचं मलम आणलं, तर तांडेलाने ते जप्त केलं!

मीही अगदीच रिकामा नाही हं. रग चढवायचा की नाही, हे विचारायला रोज सकाळी वर जातो. तेवढ्यात एखाद्या खिडकीतून समुद्र बघून घेतो.

"जावईबापू," सासूबाई म्हणतात, "जरा सरका. काही दिसत नाही!"