फोडायची काठी वेगळी

"ज्याच्याकडे दोन काठ्या नाहीत, त्याने पूल खेळायच्या भानगडीत पडूच नये!" चष्मेवाल्यांनी नाश्त्याच्या टेबलावर जाहीर केलं. उठले, खिडकीपर्यंत गेले, परत येऊन बसले. क्लबच्या स्पर्धेची फायनल उद्यावर आली होती आणि त्यांच्या अंगात नुसत्या मुंग्या शिरल्या होत्या. दुकानात गिऱ्हाइकाच्या नाकावर चष्मा बसवतानासुद्धा त्यांचं कोपर मागेपुढे हलायचं.

"बॉल मारायला एक काठी पुरत नाही?" बायकोने विचारलं.

"अगं, सुरुवातीला त्रिकोणात रचलेले सगळे बॉल फोडायचे असतात. धाडकन! त्या दणक्याने काठीच्या टोकाचं चामडं चेपतं. मग नेमाचं काय? म्हणून फोडायची काठी जड आणि कडक टोकाची. खेळायची हलकी, मऊ टोकाची."

"बाबा, आता तुम्हीच सांगा यांना!"

बाबा म्हणजे सासरे. जन्मभर सुतारकाम केलेला माणूस, चार दिवस लेकीकडे राहायला आलेला. चष्मेवाले त्यांना मनातून टरकून असायचे. जावयाने घर घेतलं, तेव्हा सासऱ्यांनी दाराची चौकट ठोकून पाहिली आणि "हं" म्हणाले. जावयाने दुकान थाटलं, तेव्हाही "हं". या तोंडातून एकदा तरी "छान" ऐकायचं, एवढीच चष्मेवाल्यांची इच्छा उरली होती. म्हणून तर उद्या ते त्यांना फायनल बघायला नेणार होते.

सासऱ्यांनी चहाचा घोट घेतला. "जावईबापू बरोबर बोलतायत. पटाशीने कोणी खिळे ठोकतं का? ज्या त्या कामाला ज्याचं त्याचं हत्यार."

चष्मेवाल्यांना टेबलावर चढून नाचावंसं वाटलं! त्यांनी काठ्यांची पिशवी आणून सासऱ्यांच्या मांडीवर ठेवली, "बघा सावकाश, बाबा!" म्हणाले आणि शीळ घालत दुकानात गेले. या काठ्या मधला पेच उघडून दोन तुकड्यांत ठेवायच्या आणि खेळताना जोडायच्या असतात, हे सांगायचं तेवढं राहिलं.

संध्याकाळी दार उघडताच सरसाचा वास नाकात शिरला.

"या, या! तुमचं काम करून ठेवलंय," सासरे हात पुसत म्हणाले. "दोन्ही काठ्या मधोमध मोडलेल्या आणि तुम्ही एका शब्दाने बोलला नाहीत! किती तो भिडस्तपणा! कोणा नवशिक्याने नुसता पेच बसवून वेळ मारून नेली होती. मी सरस भरून पक्क्या केल्या. आता हत्ती बसला तरी हलायच्या नाहीत!"

चष्मेवाल्यांनी काठी हातात घेऊन फिरवून पाहिली. मागचा भाग जड काठीचा, पुढचा हलकीचा!

"आणि जोड्याही चुकल्या होत्या," सासरे म्हणाले. "मी रंग जुळवून लावल्या."

खरं काय ते चष्मेवाल्यांच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण म्हाताऱ्याच्या चेहऱ्यावर इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यांना पाहून हसू फुटलं होतं. ते कोणत्या तोंडाने पुसायचं?

"मस्त झालंय, बाबा," ते म्हणाले आणि रात्रभर कूस बदलत राहिले.

सकाळी उठून बघतात तो सासऱ्यांनी काठ्यांना पॉलिशचा आणखी एक हात मारलेला! पिशवीत त्या मावेनात. मग बायको पुढे बसली, सासरे गाडीत मागे बसले आणि दोन्ही काठ्या खिडकीबाहेर धरून राहिले. वारं लागलं की वाळतील म्हणे! सिग्नलला शेजारच्या स्कूटरवाल्याने विचारलं, "काय आजोबा, मासे गावले का?" चष्मेवाल्यांनी मान खाली घालून गाडी दामटली.

क्लबात प्रतिस्पर्धी तयारच होते. दातांचे डॉक्टर! दात उपटायच्याच थंडपणाने ते आपल्या काठीला खडू लावत होते. पहिला डाव फोडायचा मान चष्मेवाल्यांचा. ते वाकले, नेम धरला, हात मागे नेला आणि सगळा जोर लावला. पॉलिश अजून ओलंच होतं! काठी बोटांत चिकटून बसली, मग एकदम सुटली. पांढरा बॉल उडाला तो थेट क्लबच्या सेक्रेटरींच्या चहात!

"पॉलिश चांगलं धरलंय," सासरे लेकीच्या कानात म्हणाले.

तो डाव डॉक्टरांनी सहज खिशात घातला. दुसऱ्या डावाआधी टेबल सांभाळणाऱ्या माणसाने भिंतीवरची काठी काढून दिली. क्लबची, येईल त्याने वापरायची, टोकाला टवके उडालेली. तीन डावांतला एक गेलेला, हात चिकट, करतात काय? चष्मेवाल्यांनी डोळे मिटून दणका दिला आणि बॉल असे फुटले, असे फुटले, की दोन तर आपणहून भोकात गेले!

"बघा, या काठीने फोडले!" बायको टाळ्या वाजवत ओरडली. पुढचा बॉल गेला. "आणि त्याच काठीने मारलाही!"

चष्मेवाल्यांची आता भलतीच पंचाईत झाली. हरले, तर सासऱ्यांसमोर नाक कापलं जाणार. जिंकले, तर बायको या एका काठीवरून जन्मभर ऐकवणार! ते टेबलाभोवती गरागरा फिरत राहिले, उगाच घाम पुसत राहिले. पण हात ऐकेना. दुसरा डाव त्यांचा झाला. तिसऱ्यात शेवटचा काळा बॉल उरला. त्यांनी एकदा बायकोकडे पाहिलं, एकदा सासऱ्यांकडे. मनात म्हणाले, जाऊ दे, बायकोचं तर रोजच ऐकतो! आणि बॉल भोकात ढकलला.

टाळ्यांचा नुसता कडकडाट! डॉक्टरांनी हात मिळवला आणि चिकटलेला हात कसाबसा सोडवून घेतला. इतक्यात सासरे खुर्चीतून उठले आणि गर्दीतून वाट काढत सरळ जावयाकडे आले.  चष्मेवाल्यांनी कॉलर नीट केली.

सासऱ्यांनी त्यांच्या हातातली काठी घेतली. एक डोळा मिटून तिच्या अंगावरून नजर फिरवली. नखाने टिचकी मारली.

"वा! छान!" ते म्हणाले. "फारच छान!"

चष्मेवाले त्यांच्या पाया पडायला वाकले. "सगळं तुमच्यामुळे, बाबा."

"माझ्यामुळे कसं?" सासरे काठी उलटसुलट करत म्हणाले. "ही मी नाही केलेली."