नसीमआपा आणि लाल रकाना

आमच्या कॅन्सर ओपीडीत पेशंटला नावानं हाक मारायची पद्धत नाही, कारण तिथं नसीमआपा सिस्टर आहेत. त्या गावानं हाक मारतात. "फुलंब्री, आत या! पैठण, आधी तंबाखू थुंकून या!" एकदा करमाडहून दोन बाया आल्या, तर दिवसभर "मोठं करमाड" आणि "धाकटं करमाड" चाललं होतं. धाकटं करमाड पन्नाशीचं होतं.

मग आमच्याकडे नवी पद्धत आली. गाठीची शंका आली की किती दिवसांत तपासणी, डॉक्टरांची बैठक कधी, उपचार कधी, सगळं ठरलेलं. कॉम्प्युटरवर तक्ता, तारीख चुकली की रकाना लाल. तो तक्ता सांभाळायचं काम माझ्याकडे, आणि खोटं कशाला बोलू, मला त्याचा लई गर्व होता. आपांना मात्र तो बघवत नव्हता. "तुझा तक्ता हात धरून सोनोग्राफीला नेतो का गं?" असं त्या दिवसातून चारदा विचारायच्या.

महिन्याभरात मला एक भानगड सापडली. आपांनी भरलेल्या प्रत्येक फॉर्मवर पेशंटचा मोबाईल नंबर एकच होता. आपांचा! कॉम्प्युटर इमानदारीत तारखांचे निरोप पाठवत होता आणि सगळे आपांच्या पर्समध्ये टुंग टुंग वाजत होते.

मी भडकले. "आपा, हा काय घोळ घातलाय तुम्ही?"

"घोळ कसला? घरचा फोन पोराच्या खिशात, पोरगा वाळूजला कंपनीत. बाईला निरोप कधी कळायचा?" असं म्हणून त्यांनी एक वही काढली. त्यात गावोगावच्या आशाताई, किराणावाले, रिक्षावाले. दुपारी डबा खाता खाता त्या एकेकाला फोन लावायच्या. "अमक्या बाईला सांग, शुक्रवारी सिस्टरनं बोलावलंय." बस्स, एवढंच. मी डोक्याला हात लावला. पण माझा तक्ता हिरवा कुणामुळं राहिला होता, तेही त्या दिवशी कळलं.

लाल झाला तो फक्त कमलबाईंचा रकाना. धाकटं करमाड म्हणजे याच. गाठ कॅन्सरची निघाली होती, ऑपरेशनची तारीखही मिळाली होती, आणि बाई येईनात. आपांनी तीनदा निरोप धाडला. आणखी लांबलं तर गाठ पसरणार, हे आम्हा दोघींनाही ठाऊक होतं. चौथ्या दिवशी आपांनी अर्धी रजा टाकली आणि मलाही सोबत ओढलं.

कमलबाई ओसरीवर शेंगा फोडत बसल्या होत्या. वर न बघताच म्हणाल्या, "मी नाय यायची. छाती कापल्यावर बाईचं राहतं काय?"

मी टप्पे आणि तारखा सांगायला लागले. आपांनी मला हातानंच गप्प केलं. त्या कमलबाईंच्या शेजारी बसल्या, त्यांचा हात घेतला आणि आपल्या पदराखाली, डाव्या बाजूला ठेवला. तिथं काहीच नव्हतं.

"आठ वर्षं झाली," आपा म्हणाल्या. "राहतं की सगळं. बघ, खाते, भांडते, हिच्या डोक्याला ताप देते."

कमलबाईंनी बराच वेळ हात काढला नाही. मग सुनेला म्हणाल्या, "माझी पिशवी भर."

मला स्वतःचीच लाज वाटली. सहा वर्षं शेजारच्या टेबलाशी बसून मला याचा पत्ता नव्हता.

परतताना बसमध्ये कमलबाईंचा डोळा लागला, तेव्हा विचारलं, "आपा, तुमच्या वेळी सोबत कोण होतं?"

"कोण असणार? इथं बोभाटा नको म्हणून हैदराबादला गेले. फॉर्मवर नातेवाईकाची सही मागितली, तर शेजारच्या खाटेवरच्या बाईच्या नवऱ्यानं भाऊ म्हणून केली. बिचाऱ्याचं नाव पण विचारायचं राहिलं बघ."

कमलबाईंचं ऑपरेशन आठवड्याभरात झालं. आपांची दरवर्षीची तपासणी आता इथंच असते, आणि सोबत मी जाते. पहिल्या खेपेला फॉर्मवर सही करताना नात्याच्या जागी मी 'बहीण' लिहिलं. आपांनी चष्मा लावून ते वाचलं.

"बहीण कशाला?" त्या हळूच म्हणाल्या. "पोरगी लिही ना."

फॉर्मवर खाडाखोड चालत नाही, म्हणून मी नवा फॉर्म मागून घेतला.