पर्यायी मांडणी आणि पाचवा मजला

ज्याला त्याला हवं तसं लिहू देणं हे सुसंस्कृतपणाचं लक्षण आहे, आणि आमच्या लिफ्ट कारखान्याचा संगणक विभाग कमालीचा सुसंस्कृत आहे. लिफ्टचा मेंदू इथे असेंब्ली या यंत्राच्या अगदी जवळच्या भाषेत लिहितात. आम्ही लिहिलेल्या आखूड खुणांचा विस्तार करून त्या यंत्राच्या हवाली करणारा एक मॅक्रो प्रीप्रोसेसर आहे. (तो स्वतःचं डोकं चालवत नाही, म्हणून विभागात टिकला.)

विभागात दोन पंथ होते. पहिला म्हणे, आधी 'कुठे ठेवायचं' ते लिहा, मग 'काय'. दुसरा म्हणे, आधी 'काय', मग 'कुठे'. दोघे एका टेबलावर डबाही खात नसत. शेवटी साहेबांनी प्रीप्रोसेसरमध्ये 'पर्यायी मांडणी'ची सोय केली. फाईलच्या सुरुवातीला एक ओळ टाकली की पुढचं सगळं उलट्या क्रमाने, म्हणजे आधी 'काय' मग 'कुठे' असं, वाचलं जाणार. सोय बंद करायचीही ओळ होती. ती ऐच्छिक ठेवली, कारण सक्तीने मनं दुखावतात.

दुसऱ्या पंथाचे म्होरके काका यांनी ती टाकली नाही. त्यामुळे त्यांच्या फाईलमागे जोडलेली पहिल्या पंथाची फाईलही उलटी वाचली गेली. दाबलेल्या बटणाचा आकडा 'जायचा मजला' या जागी ठेवायचा होता. त्याऐवजी तिथे आधीपासून असलेला, लिफ्ट उभी होती त्याच मजल्याचा आकडा बटणाच्या जागी जाऊन बसला. ही लिफ्ट एका रुग्णालयात बसवली.

तिथून काकांच्या आईचा फोन आला.

"अरे, पाचवा दाबला. दार मिटलं, उघडलं, आतली स्पीकरमधली बाई म्हणाली, आपला मजला आला. समोर तोच वॉचमन!"

"नीट दाबलंस ना?"

"तीनदा! गुडघ्याचे डॉक्टर आता उठतील रे. काय करू?"

"जिन्याने जा, आई. मी बैठकीत आहे."

आई तिसऱ्या मजल्यावर टेकल्या तेव्हा डॉक्टर खाली उतरताना भेटले. पुढची तारीख दीड महिन्यानंतरची मिळाली. काकांना फार वाईट वाटलं, डोळ्यांत पाणीही आलं. पण ती बंद करायची ओळ आता टाकायची म्हणजे पहिल्या पंथापुढे नाक घासायचं.

बैठकीत दोन्ही फाईली तपासल्या. दोन्ही बिनचूक निघाल्या. प्रीप्रोसेसरनेही सांगितलं तेच केलं होतं. सगळेच निर्दोष ठरल्यावर लिफ्टही निर्दोष ठरवणं भाग होतं. खबरदारी म्हणून प्रवाशांचं सर्वेक्षण झालं. शंभरातल्या अठ्ठ्याऐंशी जणांनी 'प्रवास सुखाचा, धक्का अजिबात जाणवत नाही' असं लिहून सही केली. (उरलेले बारा जिन्यात होते.)

हसू नका. त्या अठ्ठ्याऐंशीत तुमचीही सही आहे.